इंग्रजी वाक्य फोडायचं कसं? कर्ता, कर्म, पूरक आणि वाक्यांचे प्रकार

ओळ_अडली:
इंग्रजी वाचून अर्थ लागतो, पण वाक्याचे भाग पाडायला बसलं की गाडी अडते. व्याख्या पाठ आहेत, ओळखायची युक्ती हवी आहे. सध्या अडलेली तीन वाक्यं:

१) 'द बॉक्स ऑफ ओल्ड बुक्स इज हेवी.' कर्ता बॉक्स की बुक्स?
२) 'ही बिकेम अ डॉक्टर' आणि 'ही कॉल्ड अ डॉक्टर.' दोन्हीकडे क्रियापदानंतर 'अ डॉक्टर' आहे. मग एकात ते पूरक आणि दुसऱ्यात कर्म कसं?
३) 'शी क्लोज्ड द डोअर अँड सॅट डाउन.' केवल की संयुक्त? 'अँड' दिसलं की संयुक्त, एवढं पुरतं का?

अन्वय:
कर्त्यापासून सुरुवात करू नका, आधी क्रियापद पकडा. आणि कुठलंही क्रियापद नव्हे, काळ ज्याच्यावर दिसतो ते, म्हणजे फायनाइट व्हर्ब. ते सापडायला वाक्याचा काळ बदलून बघा. 'शी वॉन्ट्स टू बाय अ कार' हे भूतकाळात नेलं की 'शी वॉन्टेड टू बाय अ कार' होतं. बदललं फक्त 'वॉन्ट'. 'टू बाय' जागचं हललं नाही, म्हणून ते मुख्य क्रियापद नाही. मराठीत 'जेवून', 'जाताना', 'बघायला' यांनी वाक्य पुरं होत नाही, ती धातुसाधितं. इंग्रजीतली 'टू'वाली आणि मोकळी 'इंग'वाली रूपं त्याच पंगतीतली.

आता कर्ता. वाक्याचा 'हो की नाही' असा प्रश्न करा. 'इज द बॉक्स ऑफ ओल्ड बुक्स हेवी?' इथे 'इज' ज्या शब्दगटावरून उडी मारून पुढे आलं, तो अख्खा गट म्हणजे कर्ता. त्या गटातला मुख्य शब्द 'ऑफ'च्या आधीचा, म्हणजे बॉक्स. म्हणून 'इज', 'आर' नाही. मराठी वाचकाची चूक इथेच का होते? 'जुन्या पुस्तकांची पेटी' यात मुख्य शब्द शेवटी येतो, क्रियापदाला लागून. इंग्रजीत असा गट उलटा उभा असतो, मुख्य शब्द आधी आणि शेपूट मागे. सवयीने आपण क्रियापदाला चिकटलेल्या 'बुक्स'ला कर्ता धरतो.

उडी मारायला सहायक क्रियापदच नसेल तर 'डू, डज, डिड' आणावं लागतं: 'डिड शी क्लोज द डोअर?' काळ 'डिड'ने उचलला, त्यामुळे 'क्लोज' मूळ रूपात गेलं. 'डिड शी क्लोज्ड' म्हटलं की भूतकाळ दोनदा लागतो.

आणखी एक. मराठीत 'पाऊस पडतोय', 'उशीर झाला' यात पाऊस आणि उशीर हेच कर्ते, आणि 'आलो' म्हटलं की 'मी' आपोआप कळतो. इंग्रजी साध्या विधानात कर्त्याची जागा मोकळी सोडत नाही. काहीच नसेल तर 'इट' नाहीतर 'देअर' बसवतं: 'इट इज रेनिंग', 'इट इज लेट'. त्या 'इट'चा अर्थ शोधू नका, ते खुर्ची अडवायला आलंय. जागा खरोखर रिकामी दिसते ती आज्ञार्थी वाक्यात. 'स्टॉप!' हे एका शब्दाचं पूर्ण वाक्य आहे, कारण 'यू' गृहीत आहे.

टाचण:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मराठीत नामाला 'ला', 'ने' लागतात, त्यामुळे शब्द हलवले तरी कोण कोणाला चावलं ते कळतं. इंग्रजीत नामावर तशी खूण नसते, जागाच खूण असते. आणि कर्म व पूरक एकाच जागी बसतात, म्हणून घोळ होतो. दोन चाचण्या करा.

पहिली पॅसिव्हची. 'अ डॉक्टर वॉज कॉल्ड' चालतं, म्हणजे कर्म. 'अ डॉक्टर वॉज बिकम' होऊच शकत नाही, म्हणजे पूरक. पण 'हॅव'सारख्या काही क्रियापदांना कर्म असूनही सहसा पॅसिव्ह होत नाही, तिथे ही चाचणी फसते. मग दुसरी: त्या जागी नुसतं विशेषण ठेवा. 'ही बिकेम अँग्री' चालतं, 'ही कॉल्ड अँग्री' चालत नाही. विशेषण बसतं ती पूरकाची जागा. इथलं पूरक कर्त्याबद्दलच बोलतं: तो आणि डॉक्टर एकच माणूस. कर्म म्हणजे दुसरंच कुणीतरी.

क्रियापदानंतर दोन नामं आली तरी हाच हिशेब. 'आय कॉल्ड हर अ टॅक्सी' याचे दोन अर्थ निघतात. एक, मी तिच्यासाठी टॅक्सी बोलावली (दोन कर्मं). दुसरा, मी तिला टॅक्सी म्हटलं (कर्म आणि त्याचं पूरक). शब्द तेच, क्रमही तोच, साचा वेगळा. विनोद सोडला तर पहिलाच अर्थ घ्यायचा, हे सांगायला नको.

साचा क्रियापद ठरवतं, आपण नाही. 'गिव्ह' दोन कर्मं घेतं: 'गिव्ह मी द बुक'. 'एक्सप्लेन' घेत नाही, म्हणून 'एक्सप्लेन मी धिस' चूक आणि 'एक्सप्लेन धिस टू मी' बरोबर. 'मला समजावून सांग' यातला 'मला' सरळ उचलून ठेवल्याने हे घडतं. 'पुट'ला कर्म तर लागतंच, जागाही लागते. 'शी पुट द कीज' एवढ्यावर वाक्य लटकतं, 'ऑन द टेबल' आल्यावर पुरं होतं. पण 'शी रेड अ बुक ऑन द टेरेस' यातलं 'ऑन द टेरेस' काढलं तरी काही अडत नाही. काढून बघा, अडलं तर तो वाक्याचा आवश्यक भाग.

अर्धविराम:
तिसऱ्याचं उत्तर: 'अँड'वर जाऊ नका. 'ब्रेड अँड बटर'मध्येही 'अँड' आहे. ते काय जोडतंय ते बघा. दोन्ही बाजूंना आपापला कर्ता आणि फायनाइट व्हर्ब असेल तर संयुक्त. तुमच्या वाक्यात कर्ता 'शी' एकच आहे आणि क्रिया दोन, म्हणून ते केवल वाक्य.

मिश्र वाक्य ओळखायला उपवाक्य, म्हणजे आपापला कर्ता आणि फायनाइट व्हर्ब असलेला तुकडा, वाक्याच्या सुरुवातीला सरकवून बघा. 'वी स्टेड इन बिकॉज इट वॉज रेनिंग' यातला 'बिकॉज'चा तुकडा सुरुवातीला आणता येतो, म्हणजे गौण उपवाक्य, म्हणजे मिश्र. 'बट'चा तुकडा असा सुरुवातीला नेता येत नाही, तिथे संयुक्त. नामाचं काम करणाऱ्या किंवा नामाचं वर्णन करणाऱ्या उपवाक्यांना ही युक्ती लागू नाही. तिथे 'दॅट', 'हू', 'विच' यांच्यावर नजर ठेवा, पण 'दॅट' बऱ्याचदा गाळलेलं असतं हेही लक्षात असू द्या.

मराठी वळणाची नेहमीची चूक: 'जरी... तरी' डोक्यात असल्याने 'ऑलदो इट वॉज लेट, बट वी वेटेड' असं लिहिलं जातं. इंग्रजीत एकच जोड ठेवायचा, 'ऑलदो' किंवा 'बट'. आणि 'हाउएव्हर' हे उभयान्वयी नाही. त्याच्या आधी नुसता स्वल्पविराम देऊन दोन वाक्यं चिकटवली तर चूक. अर्धविराम द्या किंवा पूर्णविराम.

अन्वय:
वरच्या तिसऱ्या उत्तराला थोडी पुस्ती. 'शी क्लोज्ड द डोअर अँड सॅट डाउन' याला जुन्या पद्धतीची बरीच शालेय पुस्तकं संयुक्त म्हणतात. त्यांचा नियम असा की फायनाइट व्हर्ब दोन तर उपवाक्यं दोन, दुसऱ्या 'शी'ला फक्त गाळलंय. दुसरी पद्धत याला एक कर्ता आणि जोड-विधेय मानते. परीक्षा असेल तर तुमच्या पुस्तकाने केवल वाक्याची व्याख्या काय दिलीय ते बघा आणि तीच धरा. लिहिताना उपयोग एवढाच: कर्ता पुन्हा आला तर 'अँड'च्या आधी स्वल्पविराम, नाही आला तर सहसा नको.

ओळ_अडली:
पहिली दोन सुटली. एक उरलं: 'आय डोन्ट नो व्हेअर शी लिव्ह्ज.' यात 'व्हेअर' आहे, मग हे प्रश्नार्थी का नाही? शेवटी प्रश्नचिन्ह द्यायचं का?

अर्धविराम:
नाही. दोन वर्गीकरणं एकमेकांत मिसळू नका. केवल, संयुक्त, मिश्र हे रचनेवरून. विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी, उद्गारार्थी हे कामावरून. प्रत्येक वाक्याला दोन्हीकडची पाटी लागते. तुमचं वाक्य मिश्र आणि विधानार्थी. प्रकार मुख्य उपवाक्य ठरवतं, आणि ते आहे 'आय डोन्ट नो'. 'व्हेअर शी लिव्ह्ज' हे 'नो'चं कर्म. आत गेल्यावर प्रश्नाची उलटापालट थांबते, म्हणून 'व्हेअर डज शी लिव्ह' नाही. 'डू यू नो व्हेअर शी लिव्ह्ज?' याला मात्र प्रश्नचिन्ह, कारण तिथे बाहेरचं वाक्यच प्रश्न आहे. आतला क्रम तरीही सरळच. उद्गारार्थीतही क्रम सरळ असतो: 'हाउ टॉल शी इज!' तेच 'हाउ टॉल इज शी?' केलं की उंची विचारल्यासारखं होतं.