मदत हवी आहे: तळ्याच्या गाळातून सुटलेला फॉस्फरस शेवटी जातो कुठे?

नमस्कार मंडळी,

ओंटारियोतल्या एका छोट्या तळ्याच्या पाण्यावर गेले दोन उन्हाळे काम करतोय आणि एका जागी अडलोय. जाणकारांनी हात द्यावा.

आधी मला जे समजलंय ते सांगतो, म्हणजे मुळातच चूक असेल तर लक्षात येईल. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं. वसंतात बर्फ वितळून सगळं पाणी त्या तापमानाला आलं, की वाऱ्यानं तळं वरपासून खालपर्यंत ढवळून निघतं. पुढे उन्हानं वरचा थर तापून हलका होतो आणि खालच्या गार पाण्यावर झाकणासारखा बसतो. तळाला नवा ऑक्सिजन मिळणं तिथेच बंद. ४ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण १३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. आमच्या तळ्यात वरून पडणारं मेलेलं शेवाळ कुजता कुजता ऑगस्टपर्यंत तो संपतो. मग जिवाणू श्वासासाठी ऑक्सिजनऐवजी नायट्रेटकडे वळतात, त्यानंतर मँगनीज, लोह, सल्फेट. गाळातल्या तांबड्या लोहाला चिकटून बसलेलं फॉस्फेट (फॉस्फरस याच रूपात असतो), लोह विरघळलं की मोकळं होतं. मॉर्टिमर यांनी इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या तळ्यांवर काम करून हे १९४१-४२ मध्येच मांडलं होतं.

आता अडचण. ऑगस्टअखेर तळापासून अर्ध्या मीटरवरचं पाणी काढलं. बाटलीत अगदी नितळ, झाकण उघडताच कुजक्या अंड्यांचा हलका वास. बाटली तशीच उघडी ठेवली. हळूहळू पाणी गढूळ होत गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बुडाशी गंजासारखा तांबूस साका बसला होता. वरचं पाणी गाळून फॉस्फेट मोजलं, तर जवळजवळ नाहीच!

म्हणजे हवा लागताच लोहानं ते परत पकडलं. मग पानगळीच्या दिवसांत तळं पुन्हा ढवळतं तेव्हा सगळ्या तळ्यात हेच व्हायला हवं ना? तसं असेल तर गाळातला फॉस्फरस शेवाळाला पोसतो, हे कसं? बाहेरून येणारं खत थांबवल्यावर एखादं तळं किती वर्षांत सावरेल, हे यावरच ठरतं, म्हणून हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

प्रतिसाद:

तुमचं निरीक्षण बरोबर आहे, पण ते लोह भरपूर असलेल्या तळ्याचं आहे. जिथे सल्फेट जास्त, तिथे त्यापासून बनलेलं हायड्रोजन सल्फाइड (कुजक्या अंड्यांचा वास त्याचाच) लोहाला आधीच गाठतं, काळं आयर्न सल्फाइड होऊन ते गाळात बसतं आणि फॉस्फेटला धरायला लोह पुरत नाही. तुमच्या बाटलीत वास हलका आणि साका तांबूस, म्हणजे सल्फाइड कमी आणि लोह भरपूर.

दुसरं म्हणजे, सगळा फॉस्फरस पानगळीपर्यंत थांबत नाही. जोरदार वाऱ्यानं मधला थर खाली सरकतो, तळाचं थोडं पाणी भर उन्हाळ्यातच वर मिसळतं आणि उजेडातलं शेवाळ त्यावर तुटून पडतं. उथळ तळ्यांत तर असं वारंवार होतं.

पुढच्या वेळी लोह आणि फॉस्फरस एकाच नमुन्यात मोजा, दोन्हींचं एकमेकांशी प्रमाण बघा. नमुना हवा लागू न देता गाळा आणि लोहासाठीच्या भागात लगेच आम्ल घाला. नाहीतर दोन्ही गाळणीवरच अडकतील.