तापून बंद पडलेले डिझेल इंजिन: बांधून घ्यावे की बदलावे, आणि सुधारणा नेमकी कशात करावी?

धरमपेठकर

नमस्कार. माझ्याकडे 2014 मध्ये नोंदणी झालेली, 2.2 लिटरच्या कॉमन-रेल टर्बो डिझेल इंजिनाची सात आसनी गाडी आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मग चर्चा इंजिनावरून कंपनीवर घसरते. मे महिन्यात भर दुपारी समृद्धी महामार्गाने येळाकेळीहून नागपूरकडे येताना रेडिएटरचा खालचा होज क्लॅम्पपाशी फाटला. तापमानाचा काटा आधी वर चढला आणि लगेच पुन्हा मध्यावर आला, त्यामुळे गाडी चालवणाऱ्या भाच्याला धोका टळला असे वाटले. शिवमडक्याला पोहोचण्याआधीच ताकद गेली, मागून पांढरा धूर निघाला आणि इंजिन बंद पडले. आता स्टार्टर मारला तर ते फिरते, पण सुरू होत नाही. डिपस्टिकवरचे तेल दुधाळ दिसते.

गॅरेजवाल्याने तीन पर्याय दिले आहेत: हेडला (सिलिंडरांवरच्या झाकणाला) फेस मारून, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट करून, नवे गॅस्केट, फुल इंजिन काम, किंवा कबाड्याकडचे चालू इंजिन. भाच्याचे म्हणणे असे की इंजिन उघडणारच आहोत, तर मोठा टर्बो आणि रिमॅपही (ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या संगणकातली मांडणी बदलणे) करून घ्यावा. गाडीचा वापर घरगुतीच आहे. एसी कायम सुरू, सामान आणि माणसे भरपूर. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

लेथवाला_हिंगणा

धरमपेठकरसाहेब, सर्वप्रथम स्टार्टर मारणे थांबवा. सिलिंडरमध्ये पाणी साचले असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय पाणी मिसळलेले तेल बेअरिंगची वाट लावते, ते वेगळेच.

काटा खाली आला तो पाणी संपल्यामुळे. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच त्याचे माप खरे असते; पाणी निघून गेले की तो वाफेत लोंबकळत राहतो आणि हेड भाजत असतानाही काटा शांत दिसतो. म्हणून आपल्या इंजिनाचे नुकसान काट्यावरून नव्हे, मापे घेऊनच ठरवावे लागेल.

आपल्या वर्गातल्या बहुतेक इंजिनांत हेड अॅल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा असतो. अॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, बोल्ट मात्र त्याला जखडून ठेवतात, त्यामुळे अति तापलेले हेड मधोमध फुगून कायमचे वाकते. खालून फेस मारून ते सपाट दिसू लागले तरी वरच्या बाजूला झडपा उघडणारा कॅमशाफ्ट ज्या खोबणींतून फिरतो त्या वाकलेल्याच राहतात. मग काही महिन्यांनी कॅम अडकतो आणि दोष मिस्त्रीला दिला जातो. शिवाय फार तापलेले अॅल्युमिनियम मऊ पडते आणि तशा हेडवर नवे गॅस्केटही टिकत नाही. त्यामुळे हेडचा बाक, कॅमच्या खोबणींची सरळता, धातूचा कठीणपणा आणि पाण्याच्या दाबाखाली तडे, या चारही गोष्टी तपासल्याशिवाय फेस मारू देऊ नये. बाकाची मर्यादा सहसा 0.05 ते 0.10 मिमीच्या आसपास असते. नेमका आकडा आपल्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच धरावा. काही उत्पादक तर डिझेलच्या हेडला फेस मारण्याची मुभाच देत नाहीत.

बोअर गेजने (आतला व्यास मोजणाऱ्या मापकाने) प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी मोजून घ्या आणि ते आकडे कागदावर मागा. आकडे न देता नुसते ‘चालेल साहेब’ म्हणणारा लेथवाला टाळावा.

आरसीबुक

कबाड्याकडच्या इंजिनाविषयी दोन शब्द. इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावर असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार इंजिन बदलल्यास चौदा दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकरणाला कळवावे लागते. आपली गाडी एमएच-31 असेल तर ते गिरीपेठचे कार्यालय, एमएच-49 असेल तर पूर्व नागपूरचे. विक्रेत्याकडून पक्के बिल आणि ज्या गाडीतून इंजिन काढले तिची नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा मिळत नसेल तर ते इंजिन कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये, कारण चोरीच्या मालाचे लचांड आपल्या गळ्यात येते. वेगळ्या क्षमतेचे इंजिन बसवण्याचा विचार तर नकोच. उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरणारे फेरफार चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. तेच इंजिन बांधून घेतले आणि ब्लॉक तोच राहिला तर क्रमांकही तोच राहतो.

दिल्लीतला दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांचा नियम येथे नाही. आपली पंधरा वर्षे 2029 मध्ये भरतील. त्यानंतर तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून पाच वर्षांचे नूतनीकरण मिळू शकते. खर्चाचा हिशेब त्या मुदतीवर करावा.

टर्बोभाऊ

मोठा टर्बो घरगुती गाडीला शोभत नाही, खालच्या गतीला ओढ कमी होते, हे खरे. पण सौम्य रिमॅपला सरसकट नकार कशाला? नवे पिस्टन, नव्या रिंगा असलेले इंजिन थोडा अधिक टॉर्क सहज पेलते. रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी घासून बसल्यावर करून घ्यावे, असे माझे मत.

लेथवाला_हिंगणा

टर्बोभाऊ, पुण्यात कदाचित चालेल. जाळलेल्या डिझेलच्या ऊर्जेचा पाव ते एक तृतीयांश भाग पाण्यात उष्णता म्हणून जातो. अधिक टॉर्कसाठी अधिक डिझेल जाळले की ती उष्णताही वाढते. बाहेर 45 अंश, एसी सुरू, सात माणसे आणि तासाला 120 किलोमीटरचा वेग असताना रेडिएटरकडे राखीव ताकद फारशी उरत नाही. सुधारणा करायचीच तर ती थंडाव्यात करावी.

धरमपेठकर

सर्वांचे आभार. इंजिन उतरवून मापे घेतली. हेडचा बाक 0.25 मिमी निघाला. तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर नखाला लागतील असे उभे ओरखडे आहेत. क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा) मापात आहे, मात्र बिग एंडच्या (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडील टोकाच्या) दोन बेअरिंगचा वरचा थर जाऊन तांबे उघडे पडले आहे. हेड नवे घेण्याचे ठरवले आहे. बाकी काय सांभाळावे?

लेथवाला_हिंगणा

हेडचा निर्णय योग्य. आपल्या इंजिनाला ओव्हरसाइझ (मूळ मापाहून थोडे मोठे) पिस्टन मिळत असतील तर चारही सिलिंडर एकाच मापाला बोअर करून घ्या, एकटा तिसरा नव्हे. मिळत नसतील तर स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरच्या आत बसवायची नवी नळी. होनिंगच्या (सिलिंडरची भिंत शेवटी घासण्याच्या) तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा डोळ्यांनी पाहून घ्या. तेल त्यांच्यातच टिकते. हेड गॅस्केट जुन्याच जाडीचे मागवू नये: पिस्टन वरच्या टोकाला ब्लॉकच्या पृष्ठभागाच्या किती वर येतो हे डायल गेजने मोजून त्यानुसार जाडी निवडतात, आणि ती गॅस्केटच्या कडेवरील खाचांवरून किंवा भोकांवरून ओळखतात. हेडचे बोल्ट ताणून बसणारे असतील तर नवेच हवेत.

तांबे उघडे पडले म्हणजे धातूचा कीस तेलातून सगळीकडे फिरला आहे. ऑइल कूलरच्या आतल्या पातळ पदरांतून तो धुऊन पूर्ण निघत नाही, म्हणून कूलर बदलाच. येथेच लोक पैसे वाचवतात आणि नव्या बेअरिंगांना जुना कीस खाऊ घालतात. टर्बोची तेलाची नळी बदला, शाफ्टचा खेळ तपासा, इंटरकूलरमधले तेल रिकामे करा. इंजेक्टर पंपवाल्याकडे बेंचवर तपासून घ्या. फवारा न मारता धार गाळणारा इंजेक्टर नव्या पिस्टनचा माथा जाळतो. एखादा बदलला तर त्याचा कोड इसीयूमध्ये (इंजिनाच्या संगणकात) भरून घ्यावा.

थंडाव्यासाठी: सगळे होज आणि क्लॅम्प, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप, रेडिएटरचे झाकण नवे, फॅनचे व्हिस्कस कपलिंग (तापल्यावर फॅनला जोर देणारा जोड) तपासलेले. बोअरवेलचे पाणी अजिबात भरू नका, त्याचा क्षार हेडच्या अरुंद वाटांत बसतो. तयार मिसळलेले कूलंट वापरा. आणि पाण्याची पातळी उतरताच वाजणारा बझर बसवा.

पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी इंजेक्टर बंद ठेवून, तेलाचा दाब येईपर्यंत स्टार्टरने फिरवावे. सुरू झाल्यावर तासन्‌तास आयडलवर ठेवू नये, त्याने भिंती गुळगुळीत होऊन रिंगा बसत नाहीत. मध्यम भाराने, वेग बदलत काटोल रस्त्याने चालवा. पहिले तेल हजार किलोमीटरच्या आत बदला, जुना फिल्टर कापून त्याच्या घड्यांत चमक दिसते का ते पाहा, आणि दिसली तर गाडी जागेवर ठेवून येथे छायाचित्र टाका.