पीयूसी केमिस्ट्री पेपर : उत्तरं जुळेनात, कुणाचं बरोबर सांगा की

घाबरलेला_मोल (खानापूर)

सेकंड पीयूसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीचा, केमिस्ट्री पेपर आज झाला. हॉलमध्ये सोपा वाटला खरं बाहेर गेटवर सगळे जमले आणि एकेकाची उत्तरं ऐकून पोटात गोळाच आला, बसमध्ये पण मागच्या सीटवर तेच चालू होतं म्हणून शेवटी कानात हेडफोन घालून बसलो. आता इथं विचारतोय, जरा नीट सांगा.

गोठणबिंदूचं गणित होतं ते, २ ग्रॅम पदार्थ १०० ग्रॅम पाण्यात, गोठणबिंदू ०.६२ केल्विननं उतरला, केएफ (पाण्याचा गोठणबिंदू उतरण्याचा स्थिरांक) १.८६, मोलर मास म्हणजे एका मोलचं वजन काढा. माझं ०.०६ आलंय. बाकी सगळ्यांचं ६०. तीन मार्क गेले काय?

मग फर्स्ट ऑर्डरचं, ६० मिनिटांत ७५ टक्के रिअॅक्शन पूर्ण होते, के म्हणजे वेगाचा स्थिरांक काढा. आमच्यातल्या एकाचं ०.०२३१ आणि दुसऱ्याचं काहीतरी १० चा उणे ४ घात. एवढा फरक कसा काय? आणि निकेलचे ते दोन कॉम्प्लेक्स, एक क्लोराइडचं एक सायनाइडचं, त्यांचं हायब्रिडायझेशन विचारलेलं, त्यात मी क्लोराइडवाल्याला डीएसपी२ लिहून आलोय असं आता वाटूलालंय. घरात आई विचारतीय कसा गेला, बरा गेला म्हणून सांगितलंय.

निपाणीची_पोरगी

६०च हाय. तू १००० नं गुणायचं विसरलास बघ, आमच्या हॉलमधल्या दोघींचं पण तसंच झालंय. के चं मी ०.०२३१ लिहिलं आणि पर मिनिट लिहिलं. ज्यांचं १० चा उणे ४ आलंय त्यांनी काय केलं कुणास ठाऊक, मिनिटांचे सेकंद केले असतील.

कॅनिझारो रिअॅक्शन कोण देतो त्याला मी बेंझाल्डिहाइड लिहिलं, ते बरोबर हाय नव्हे? अल्फा हायड्रोजन नाही म्हणून. शेजारच्या बेंचवरच्या मुलीनं अॅसिटाल्डिहाइड लिहिलेलं, ती माझ्यावरच चिडली.

वडगावचा_गडी

मी पार्ट ए मध्ये एका एमसीक्यूला आधी बी लिहिला मग खाली परत नंबर घालून सी लिहिला. बरोबर उत्तर सी हाय. पेपरवरच छापलेलं असतंय की पहिलं लिहिलेलंच उत्तर धरणार, ते वाचलं घरी येऊन. लई हुशार मी.

अनगोळ_क्लासवाले

मी टिळकवाडीत आणि अनगोळात केमिस्ट्रीचे क्लास घेतो, त्यामुळं दरवर्षी पेपर संपल्यावर हे ऐकतोच. एकेक घेऊया.

के चं भांडण फुकटचं आहे. ७५ टक्के म्हणजे दोन अर्धायुष्यं, पहिल्यात अर्धं संपलं आणि दुसऱ्यात उरलेल्याचं अर्धं. ६० मिनिटांत दोन, म्हणजे अर्धायुष्य ३० मिनिटं, ०.६९३ भागिले ३० केलं की ०.०२३१ पर मिनिट. त्यालाच परत ६० नं भागा, ३.८५ गुणिले १० चा उणे ४ घात पर सेकंद येतं. दोन्ही एकच उत्तर आहे, दोघांनाही पूर्ण मार्क, युनिट लिहिलं असेल तर. युनिट नसेल तर मात्र पेपर तपासणाऱ्यानं काय समजायचं?

आता ०.०६ वाल्या बाळा, तुझं जरा मजेशीर आहे. केएफचं युनिट केल्विन किलोग्रॅम पर मोल, म्हणजे किलो त्यात आधीच बसलाय. तू वर १.८६ गुणिले २ आणि खाली ०.६२ गुणिले १०० केलंस, त्यात वरचा ग्रॅम आणि खालचा ग्रॅम उडाले, केल्विन उडाला, उरलं काय? किलोग्रॅम पर मोल. ०.०६ किलो म्हणजेच ६० ग्रॅम. सूत्रातलं १००० हे फक्त किलोचं ग्रॅम करायला घातलेलं असतं, आणि पोरं ते मंत्रासारखं पाठ करतात म्हणून एकदा सुटलं की सगळं कोसळतं. तेव्हा प्रश्न एवढाच की तू उत्तरापुढं युनिट काय लिहिलंस?

निकेलचं सांगतो. दोन्हीत निकेल अधिक २, म्हणजे ३डी८, डी मध्ये आठ इलेक्ट्रॉन. क्लोराइड वीक लिगँड (धातूला जोडलेला गट), तो इलेक्ट्रॉनांच्या जोड्या लावत नाही, दोन सुटे राहतात, एसपी३, टेट्राहेड्रल, पॅरामॅग्नेटिक, २.८३ बोर मॅग्नेटॉन. सायनाइड स्ट्राँग, जोड्या लावतो, डीएसपी२, स्क्वेअर प्लॅनर, डायामॅग्नेटिक. क्लोराइडला डीएसपी२ लिहिलं असेल तर त्याचा मार्क गेला, त्यावर वाद नाही.

बेंझाल्डिहाइड बरोबर. अॅसिटाल्डिहाइडला अल्फा हायड्रोजन असतो, तो अल्डॉल रिअॅक्शनला जातो.

घाबरलेला_मोल

सर, ग्रॅम पर मोल लिहिलंय असं वाटतंय. पक्कं आठवत नाही. सूत्र पण १००० शिवायच लिहिलं होतं.

अनगोळ_क्लासवाले

मग शेवटचा मार्क धरू नकोस. सूत्राला १, किमती घालायला १, उत्तर आणि युनिटला १ असं साधारण वाटलेलं असतं, तेव्हा तुझ्या गणिताला शून्य काही मिळत नाही. पुढच्या वेळी एवढंच बघ की ०.०६ ग्रॅम पर मोल असला पदार्थ जगात असेल काय? हायड्रोजनचा नुसता अणू १ च्या आसपास असतो. ६० हे तर युरियाचं मोलर मास, डोळ्यांसमोर यायलाच पाहिजे होतं.

केएसईएबीच्या, म्हणजे कर्नाटक परीक्षा बोर्डाच्या, वेबसाइटवर मॉडेल अॅन्सर येतील, त्यावर आक्षेप घ्यायला थोडे दिवस देतात. तोवर गेटवरच्या उत्तरांवर विश्वास ठेवू नका, तिथं ज्याचा आवाज मोठा त्याचं उत्तर बरोबर असतं.

निपाणीची_पोरगी

हे बरोबर बोललात सर. आमच्यात एक मुलगा प्रत्येक पेपरनंतर छाती ठोकून सांगतोय आणि आम्ही घरी जाऊन रडतोय.

दादा_हिंडलगा

मी दोन बॅच पुढचा. परीक्षा-१ खराब गेली तर परीक्षा-२ आहे, २०२४ पासून सुरू झालंय हे, आणि ज्यात जास्त मार्क तेच धरतात. निकालानंतर वाटलं मार्क कमी पडलेत तर आधी स्कॅन कॉपी मागवा, डोळ्यांनी बघा, मग रिव्हॅल्युएशन. उगाच रागाच्या भरात भरू नका, पैसे जातात.

खरं खरी गोष्ट वेगळी. केसीईटी म्हणजे कर्नाटकची सीईटी, तिच्या इंजिनिअरिंग रँकला पीयूसीचे पीसीएमचे (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) मार्क निम्मे आणि सीईटीचे निम्मे, म्हणून इकडं एकेक मार्काला जीव जातोय. महाराष्ट्राच्या सीईटीत तसं नाही, तिथं इंजिनिअरिंगची मेरिट सीईटीवर, बारावीला पीसीएममध्ये ओपनला ४५ टक्के पुरतात. आपल्या सीमाभागातल्या मराठी पोरांना तिथं टाइप ई मधून, म्हणजे सीमाभागासाठीच्या वेगळ्या गटातून, अर्ज करता येतो, वादग्रस्त भागातलं रहिवासी पाहिजे, दहावी किंवा बारावी इकडच्याच शाळा-कॉलेजातून झालेली आणि मातृभाषा मराठी. महाराष्ट्रानं मागितलेल्या ८६५ गावांच्या यादीत आपलं गाव आहे काय ते आधी बघा. मी कोल्हापूरला तसाच गेलो. बरेच जण फक्त केसीईटीवर बसून राहतात आणि मग जूनमध्ये कागदपत्रांसाठी पळापळ. दाखले आत्तापासून गोळा करा.

वडगावचा_गडी

दादा, महाराष्ट्र सीईटीत निगेटिव्ह हाय काय?

दादा_हिंडलगा

नाही. केसीईटीत पण नाही. महाराष्ट्राच्या सीईटीत गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ मार्कांचे, फिजिक्स केमिस्ट्री ५०-५० एकेक मार्काचे, एकूण २००. केसीईटीत प्रत्येक विषयाला ६०. दोन्हीकडं एकही गोल रिकामा सोडायचा नाही.

येळ्ळूर_एक्सप्रेस

उशिरा आलो. सेलचं गणित कुणी विचारलंच नाही? झिंक ०.१ मोलर, कॉपर ०.०१ मोलर, ई नॉट (स्टँडर्ड व्होल्टेज) १.१०, सेलचं व्होल्टेज काढा. माझं १.१३ आलंय आणि आमच्या ग्रुपवर सगळे १.०७ म्हणूलालेत.

अनगोळ_क्लासवाले

१.०७. लॉगमध्ये झिंक वर, कॉपर खाली, म्हणजे लॉग १० म्हणजे १, त्याला ०.०५९१ भागिले २ नं गुणून १.१० मधून वजा. तू गुणोत्तर उलटं घातलंस म्हणून ते अधिक झालं. तयार होणारा झिंक आयन कॉपरपेक्षा जास्त आहे ना, मग व्होल्टेज १.१० च्या खालीच येणार. सूत्र तरी बरोबर लिहिलंस काय?

येळ्ळूर_एक्सप्रेस

सूत्र बरोबर हाय सर. किमती घालताना उलटं झालं.

अनगोळ_क्लासवाले

मग एक मार्क आहे तुझा. आता जेव आणि गणिताचं पुस्तक काढ.