समग्र सभेत ऐनवेळची कामे घ्यावीत की नाहीत?

रावपुऱ्याचा रहिवासी

कार्यसूची एकदा सभासदांच्या हाती पडली की तीत एकही नवे काम घालू नये, असे माझे मत आहे. गुजरातीत ज्याला ‘वधारानुं काम’ म्हणतात आणि महाराष्ट्रातील पालिकांत ज्याला ‘ऐनवेळचा विषय’ म्हणतात, ती पद्धत वडोदरा महानगरपालिकेच्या समग्र सभेतून, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सर्वसाधारण सभेतून, आणि स्थायी समितीतूनही काढून टाकावी.

आपली पालिका १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे चालते. त्या अधिनियमानुसार दर महिन्याच्या २० तारखेच्या आत एक साधारण सभा भरवावी लागते आणि तिची सूचना सात पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. हे सात दिवस कशासाठी ठेवले असतील? १९ प्रभागांतून ७६ नगरसेवक येतात. वाघोडिया रस्त्याकडच्या नगरसेवकाला गोत्रीच्या नगररचना योजनेतील एखाद्या भूखंडावर मत द्यायचे असेल, तर त्याने नकाशा पाहायला हवा, जागेवर जाऊन यायला हवे, तिथल्या चार माणसांशी बोलायला हवे. सकाळी हाती आलेल्या कागदावर दुपारी हात वर करणाऱ्याने यातले काय केलेले असते?

आमच्या सोसायटीचा अनुभव सांगतो, कारण मला हा धडा तिथेच मिळाला. वार्षिक सभेच्या सूचनेत शेवटचा विषय नेहमीचाच होता : ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. रात्रीचे साडेदहा झाले होते, निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, चहाचे कप गोळा होत होते. तेवढ्यात गच्चीवर मोबाइलचा मनोरा बसवण्याचा करार पुढे आला आणि पाच मिनिटांत मंजूर झाला. दोन वर्षांनी गच्चीला तडे गेले तेव्हा करार काढून वाचला, तर दुरुस्तीचा सगळा खर्च आमच्याकडेच होता. त्या रात्री मीही हात वर केला होता.

हरणीच्या मोटनाथ तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी नाव उलटून १२ मुले आणि २ शिक्षिका बुडाल्या. त्यानंतर शहरात जो तो विचारू लागला की या तलावाचा ठेका कोणी आणि कोणत्या अटींवर दिला. उच्च न्यायालयानेही स्वतःहून दखल घेतली. तो ठेका ऐनवेळच्या कामांतून आला होता, असे मी म्हणत नाही. ठेक्याच्या अटी मंजुरीपूर्वी वाचायच्या असतात आणि त्या वाचायला दिवस लागतात, एवढेच मला सांगायचे आहे.

मांजलपूरकर

आपली तळमळ मला मान्य आहे, परंतु उपाय मान्य नाही. शहराचा कारभार महिन्यातून एकदा भरणाऱ्या सभेच्या तारखा पाहून अडत नाही किंवा सुटत नाही. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा कित्येक वस्त्यांमध्ये पाणी दिवसेंदिवस उतरत नव्हते. अशा आठवड्यात पंप, औषधफवारणी, गाळ काढणे यांची कामे ‘कार्यसूची वाटून झाली आहे’ म्हणून पुढच्या महिन्यावर ढकलायची का? निविदेतील दरांना मुदत असते, सरकारी अनुदान मार्चअखेरीस खर्ची घालावे लागते. एक महिना थांबल्याने ठेकेदार दर वाढवून मागतो आणि तो भुर्दंड आपल्याच करांतून जातो.

दुसरे असे की, २०२१ च्या निवडणुकीत ७६ पैकी ६९ जागा एकाच पक्षाला मिळाल्या होत्या. एवढे बहुमत असले की निर्णय सभेत होत नाही. तो आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी पक्षाच्या संकलन बैठकीत, म्हणजे पक्षाच्या नगरसेवकांच्या अंतर्गत बैठकीत होतो. तिथे ठरलेले सभेत वाचून दाखवले जाते. सूचना सात दिवस आधी द्या की सतरा दिवस आधी, संकलनात जे ठरले त्यात त्याने काय फरक पडणार? आपण कार्यसूचीला हात घालता आहात, दुखणे मात्र दुसरीकडेच आहे.

रावपुऱ्याचा रहिवासी

संकलन बंद दाराआड होते म्हणूनच कार्यसूचीचे महत्त्व वाढते. समग्र सभा जनतेसाठी खुली असते आणि नागरिकाला आधी कळू शकणारा कागद म्हणजे कार्यसूची. तीत जे काम नाही त्याबद्दल वर्तमानपत्र काय छापणार, आणि प्रभागातला माणूस आपल्या नगरसेवकाला फोन करून काय विचारणार? विरोधी सदस्य सात असोत की सत्तर, त्यांना तयारीला वेळ मिळाला तरच ते काही बोलू शकतील.

माहेर इंदूर, सासर वडोदरा

इंदूरला महापौर थेट जनतेतून निवडला जातो आणि सभा चालवतो सभापती. आपल्याकडे नगरसेवकांनी अडीच वर्षांसाठी निवडलेला महापौरच सभेचा अध्यक्ष असतो. कामे आणणाऱ्यांचा नेता आणि कामांचा क्रम लावणारा अध्यक्ष वेगळे असले तर थोडा तरी धाक राहतो, असे मला वाटते. अर्थात तो रामबाण नव्हे. ग्वाल्हेरला २०२२ मध्ये महापौर काँग्रेसच्या आल्या आणि सभेत बहुमत भाजपचे आले. अशा वेळी कोणते काम सभेपुढे केव्हा यावे, यावरूनच ओढाताण होऊ शकते. तरीही ती ओढाताण मला ऐनवेळच्या मुकाट मंजुरीपेक्षा बरी वाटते, कारण निदान ती लोकांना दिसते.

निवृत्त, सचिव शाखा

मी एका नगरपालिकेच्या सचिव शाखेत २६ वर्षे कार्यसूची तयार करण्याचेच काम केले. पालिकेचे नाव सांगत नाही, कारण ही रीत सगळीकडे सारखीच आहे.

कार्यसूचीचा गठ्ठा शिपाई सायकलवरून घरोघर पोहोचवत असे आणि वहीवर सही घेत असे. बऱ्याचदा सही घरातल्या माणसाची असे आणि पाकीट सभेच्या दिवशी तसेच बंद आमच्यासमोर येई. म्हणजे सात दिवस दिले की वाचन होतेच, असे रावपुऱ्याच्या रहिवाशांनी गृहीत धरू नये. तरीही मी त्यांच्याच बाजूचा आहे. ऐनवेळचे काम येते कसे, ते मी पाहिले आहे. संध्याकाळी सहाला खात्याचा माणूस फाइल घेऊन येतो, वर ‘सभेपूर्वी’ अशी चिठ्ठी लावलेली असते, टिपणी अर्ध्या पानाची असते आणि ‘नकाशा मागाहून’ असे लिहिलेले असते. एकदा अशाच घाईत सर्व्हे क्रमांकातला एक आकडा चुकला, सभेने तो तसाच मंजूर केला आणि शेजारच्या माणसाच्या जमिनीवर रस्त्याचे आरक्षण पडले. दुरुस्तीचा ठराव होईपर्यंत तो गृहस्थ दर सोमवारी आमच्या टेबलासमोर येऊन उभा राहत असे. त्याच्या हातात एक निळी पिशवी असे, तीत सात-बाराचे उतारे असत. त्याच्याकडे वर पाहून बोलणे मला जड जाई.

मांजलपूरकरांनी पुराचा दाखला दिला आहे, त्याचे उत्तर अधिनियमातच आहे. लोकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर कलम ६७(३)(क) खाली आयुक्त मंजुरीची वाट न पाहता काम करवून घेऊ शकतात आणि नंतर ते स्थायी समितीला कळवतात. शिवाय स्थायी समिती आठवड्यातून एकदा भरतेच. तेव्हा पूर आला म्हणून समग्र सभेत ऐनवेळी भूखंड भाड्याने देण्याचे काम आणावे लागते, हे पटण्यासारखे नाही.

या चर्चेत अजून न आलेली एक गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. महिन्याची सभा मुदतीत बोलावायची, शोकदर्शक ठराव करायचा आणि सभा तहकूब करायची. मृताविषयीचा आदर योग्यच आहे, दोन मिनिटे उभे राहावे. पण सभा तहकूब झाली की नागरिक आणि पत्रकार घरी जातात, तहकूब सभेला पुन्हा सात दिवसांची सूचना लागत नाही आणि नगरसेवकांचे प्रश्न मागे पडतात. श्रद्धांजलीनंतर त्याच दिवशी कामकाज चालावे, ही सुधारणा मी सगळ्यांत आधी मागेन.

मांजलपूरकर

तहकुबीबद्दल मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. कलम ६७(३)(क) बद्दल मात्र सावध राहावे, असे मी सुचवेन. ऐनवेळची कामे सरसकट बंद केलीत तर खाती तीच कामे ‘तातडी’च्या नावाखाली आयुक्तांकडे नेतील आणि सभेपुढे ती फक्त माहितीसाठी, पैसे खर्च झाल्यावर येतील. ऐनवेळचे काम निदान मंजुरीआधी सभेत वाचले तरी जाते, एखादा सदस्य उभा राहून विरोध नोंदवू शकतो. आणि कोणते काम खरोखर तातडीचे हे ठरवणार कोण? महापौरांनी ठरवायचे असेल तर आपण आहोत तिथेच राहिलो.

निवृत्त, सचिव शाखा

कोणा एकाने ठरवू नये. जो काम आणतो त्याने लिहून द्यावे. ऐनवेळच्या प्रत्येक कामाच्या टिपणीत एक रकाना असावा : हे काम पुढच्या सभेपर्यंत थांबले तर नेमके काय बिघडेल, आणि ते सात दिवसांपूर्वी का सांगता आले नाही. खाली खातेप्रमुखाची नावासह सही हवी आणि तो मजकूर इतिवृत्तात जसाच्या तसा यावा. आयुक्तांकडून तातडीने झालेल्या कामांनाही हाच रकाना लावावा, म्हणजे आपली शंका दूर होईल. सायंकाळी सहाला फाइल घेऊन येणाऱ्यांपैकी किती जणांनी असे लिहून खाली सही केली असती, हे मी माझ्या टेबलाच्या अनुभवावरून सांगू शकतो : फार थोड्यांनी.

रावपुऱ्याचा रहिवासी

सरसकट बंदीचा आग्रह मी सोडतो, रकान्याची सूचना स्वीकारतो. जमीन, भाडेपट्टा आणि ठेक्याची मुदतवाढ ही तीन प्रकारची कामे मात्र रकाना भरूनही ऐनवेळी येऊ नयेत, यावर मी ठाम आहे. आमच्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना या आठवड्यात तसे पत्र देणार आहे. मांजलपूरकर, आपण आपल्या प्रभागात द्याल का?