पेटी नाही म्हणून गायन सोडायचं?

शाळेत संगीत शिक्षक आणि पेटी (हार्मोनियम) असल्याशिवाय कलाशिक्षणातला गायनाचा भाग घेताच येत नाही, असं म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. शिक्षक हवाच, त्यासाठी भांडायलाही हवं. पण 'खेळू, करू, शिकू' या कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणाच्या पाठ्यपुस्तकात गायन-वादन आहे ते वर्गशिक्षकानेच घ्यायचं म्हणून, आणि पहिली-दुसरीला टाळी, ठेका, आवाज ओळखणं यासाठी पेटी लागत नाही.

माझी खरी अडचण वेगळीच निघाली, पट्टीची, म्हणजे गाण्याचा सा किती उंच धरायचा याची. मी माझ्या सोयीने खालच्या सप्तकातल्या काळी चारला, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या सुराला सा मानून गाणं धरायचे. खालचे स्वर आले की मुलं पुटपुटायची, मी "मोठ्याने!" म्हटलं की ओरडायची. मला वाटायचं, मुलं बेसूर आहेत. मग मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर सा वर नेला, मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनला (दुसऱ्या पांढऱ्या सुराला), आणि सा ते प एवढ्यातच फिरणारी गाणी निवडली. पंधरवड्यात वर्ग एका सुरात आला. या वयाचा गळा इतका खाली सहज उतरत नाही हो! परिपाठाची प्रार्थनासुद्धा याच पट्टीत लावून बघा. रोजची ती पाच मिनिटं म्हणजे गायनाचा तासच आहे.