मदत हवी आहे: आजीच्या आवाजाची जुनी कॅसेट

जयभीम मंडळी. आमची आजी मागच्या आठवड्यात गेली, ९३ वर्षांची होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला, आज जिथे दीक्षाभूमी आहे तिथे, माझ्या मोठ्या आत्याला कडेवर घेऊन ती उभी होती. त्या दिवशीचं पांढरं लुगडं तिने शेवटपर्यंत पेटीत जपलं. घडीवर पिवळी रेघ पडली आहे. काकांनी तिच्या आठवणी कॅसेटवर भरून ठेवल्या होत्या. बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा ती त्यात न अडखळता म्हणते, मधेच बांगड्या वाजतात. आता रीळ चिकटली आहे, लावायची हिंमतच होत नाही. सीताबर्डी, इतवारी किंवा नागपुरात कुठेही, रीळ सोडवून आवाज मोबाईलवर घेऊन देणारं भरवशाचं कोणी आहे का? येत्या रविवारी आजीचं पुण्यानुमोदन, म्हणजे तिच्या स्मरणाचा बौद्ध विधी आहे, त्याआधी मिळालं तर फार बरं होईल.