देगावचं पाणी द्यायचं कुणाला?

सागर (सी-३०२): आपल्या सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, आणि देगावला सांडपाणी शुद्ध करायचा ७५ एमएलडीचा (रोज साडेसात कोटी लिटरचा) प्लांट. शुद्ध केलेलं पाणी शेवटी सीना नदीतच सोडायचं? विकत का नाही?

कुलकर्णी काका: गिऱ्हाईक दारात आहे की. फताटेवाडीचं एनटीपीसीचं औष्णिक वीज केंद्र, १३२० मेगावॉट. २०१६ च्या टॅरिफ पॉलिसीत, म्हणजे सरकारच्या वीजदर धोरणात स्पष्ट आहे, अशा सांडपाणी प्लांटपासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी हेच पाणी वापरायचं. नागपूरच्या भांडेवाडीचं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातंच.

अक्का (बी-२०२): काका, माझं माहेर सीनाकाठचं हाय. नाल्यात मोटारी टाकून लोकांनी कडवळ, ऊस केलाय. उन्हाळ्यात नदीत वाहतंय ते तुमच्या-आमच्या मोरीचंच. ते पाइपात घातलं तर त्यांनी काय करायचं?

सागर: अक्का, पण त्यांचा हक्क कागदावर कुठंय?

अक्का: नसंल. विहिरींना पाझर तर त्याचाच हाय.

मॅडम (ए-१०१): त्याच पाण्यावरची मेथी आपण मंडईतून आणतो, हे पण बघा. एनजीटीने, म्हणजे हरित लवादाने, २०१९ मध्ये बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) १० च्या आत आणायला सांगितलंय. नाल्याला फेस दिसतो तो कशाचा मग?

काका: मॅडम, बरोबर. आधी पाणी नीट शुद्ध, मग वाटणी. वाटणीत माझी एकच अट. एनटीपीसीचं केंद्र आज उजनी धरणाचं पाणी उचलतं. आपलं मोरीचं पाणी त्याला दिलं की तेवढं उजनीचं सुटतं. ते कुणाला मिळणार? करारात ‘सोलापूर शहराला’ असं लिहून घेतलं नाही तर वाटेतच कुणीतरी पळवणार, उजनीवर टपलेले थोडे आहेत का! आणि उन्हाळ्यात सीनेला किती सोडायचं तेही त्यातच लिहायचं, म्हणजे अक्कांच्या माहेरची मोटार बंद पडणार नाही.

सागर: आणि अक्कलकोट रोडच्या टॉवेलवाल्यांचं? सुरतला पांडेसऱ्याच्या मिलना महापालिका असंच पाणी विकते.

काका: रंगवायला चालतं, पण आणखी एक टप्पा शुद्ध करावं लागतं. तो खर्च कारखानदार उचलतील का, ते विचार.

सेक्रेटरी: आपल्या बागेला टँकरने मिळेल का? महापालिकेच्या झोन ऑफिसला अर्ज टाकू?

अक्का: टाका की. पण वास सुटला तर तुमच्याच दारात येऊन भांडणार मी.